विचारायचे, पण केव्हा?

सरकारने रस्ता आखावा आणि लोकांनी त्यावरून मुकाट्याने जावे, अशी पुष्कळांची समजूत असते. आखणी हे इंजिनिअरांचे शास्त्र. त्यात सामान्य माणसाचे काय काम? ह्या समजुतीची कसोटी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लागली. ती हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकाभर महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरले. शंभर डॉलर खर्चातले नव्वद केंद्र सरकार देणार होते. मग राज्ये मागे कशाला राहतील? बॉस्टन शहरातला एक नियोजित महामार्ग रॉक्सबरी आणि जमैका प्लेन ह्या दाट वस्त्यांतून जायचा होता. जाहीर सुनावणीची तरतूद कायद्यात होती. पण नकाशावर रेघ उमटल्यावर होणाऱ्या सुनावणीत ‘रस्ता मुळात हवा का?’ ह्या प्रश्नाला फारसा वाव उरत नाही. जागा मोकळी करण्यासाठी घरे पडू लागली, तेव्हा रहिवासी, पाद्री आणि काही तरुण नगररचनाकार एकत्र आले.

फेब्रुवारी १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट ह्यांनी शहर परिसरातील बहुतेक नव्या महामार्गांचे काम थांबवून फेरविचार जाहीर केला. हे गृहस्थ पूर्वी राज्याच्या बांधकाम खात्याचेच प्रमुख होते, हे ध्यानात घ्यावे. फेरविचारासाठी तंत्रज्ञांबरोबर नागरिक आणि नगरपालिकाही बसल्या. १९७२ साली तो महामार्ग रद्द झाला. १९७३ च्या केंद्रीय कायद्याने असा पैसा लोकवाहतुकीकडे वळवण्याची मुभा दिली आणि १९८७ साली त्याच पट्ट्यातून शहरी रेल्वे धावू लागली. शेजारी लांबलचक बागही झाली. पुढे १९९१ च्या कायद्याने प्रत्येक राज्याच्या वाहतूक नियोजनात लोकांना मत मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले.

परंतु पडलेली घरे पुन्हा उभी राहिली नाहीत. लोकांचे म्हणणे ऐकले गेले, पण उशिरा. त्या उशिराची किंमत गरिबांनी मोजली. म्हणून लोकांना विचारावे की नाही, एवढाच प्रश्न नाही. रेघ मारण्यापूर्वी विचारावे, हा खरा मुद्दा आहे.

आपल्याकडेही १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवतात. त्या आराखड्यात रस्तेही असतात. तो नकाशा मुदतीत जाऊन पाहणारे आपल्यापैकी कितीजण आहेत? सरकारने वेळेवर विचारावे, हे खरे. पण विचारल्यावर आपणही घरी असले पाहिजे.