चर्चमधला स्वयंभू गंधार

घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेलेल्या प्रत्येक आंबेगावकराने चर्चची घंटा पाहिलेली असते. देवळाजवळची ती भली थोरली घंटा चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतली, म्हणजे १७३९ची. तिची भावंडं इतरत्रही आहेत. एक मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, तर दुसरी नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर. नाशिकच्या घंटेवर तर १७२१ हे सालही कोरलेलं आहे. 

तर घंटा आपल्याकडे आली, पण चर्चमधलं गाणं आलं नाही. जुन्नर तालुका भजनाचा. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी. सप्ताहाच्या मांडवात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, मधे विणेकरी, बाजूला पखवाज. पन्नास गळे असले तरी चाल एकच. हाच कान घेऊन मी नाताळाआधीच्या एका संध्याकाळी पुण्याला कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये कॅरोल ऐकायला जाऊन बसलो, आणि तेव्हापासून डिसेंबर आला की पाय तिकडे वळतात.

हे चर्च इंग्रजी फौजेसाठी बांधलेलं. १८२५ साली त्याचं पवित्रीकरण केलं ते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी. हेबर स्वतः उत्तम गीतकार होते. त्यांचं 'होली, होली, होली' जगभरच्या चर्चमध्ये आजही गातात. पुढच्याच वर्षी, १८२६मध्ये, त्रिचनापल्लीला त्यांचा अंत झाला. ज्या वास्तूचं पहिलं मोठं कार्य एका गीतकाराच्या हातून झालं, तिथे गाणंच ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

चर्चगायनाचा इतिहास मोठा आहे, पण इथे थोडक्यात सांगतो. आधी मठांमधलं एकसुरी पठण, मग त्यावर चढत गेलेले वेगवेगळे आवाज, सोळाव्या शतकात इटलीतला पॅलेस्ट्रिना आणि जर्मनीत सगळ्या मंडळीला गायला लावणारा ल्यूथर. त्यातून सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस अशी चार आवाजांची घडी बसली.

मला खरं बोलायचं आहे ते गंधाराबद्दल.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तार जितक्यांदा थरथरते त्याच्या पाचपट कंपनांचा एक सूर तिच्या पोटातच असतो, तोच हा. षड्ज २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार नेमका ३००चा. हार्मोनियमची पट्टी मात्र सगळे अर्धस्वर सारखे वाटून बसवलेली, म्हणून तिचा गंधार ३०२च्या थोडा वर जातो. फरक दोन-अडीच कंपनांचा, पण षड्ज आणि पट्टीचा हा गंधार एकत्र धरले की आतल्या आत सेकंदाला नऊ-दहा हेलकावे येतात. सुरेल कानाला ते खुपतात.

आता चर्चमधले गायक वाद्य बाजूला ठेवून गातात तेव्हा काय होतं पाहा. बेसने षड्ज धरलेला, टेनरने पंचम. वरून आल्टोचा गंधार येतो. पट्टीची सक्ती उरलेली नसते, त्यामुळे मुरलेले गायक ऐकत ऐकत तो किंचित खाली घेतात आणि अचानक हेलकावे थांबतात. उंच छत आणि भक्कम भिंती तो सूर लगेच विझू देत नाहीत. त्या क्षणी ऐकू येतो तो तानपुऱ्यातलाच गंधार! याच डिसेंबरात, याच पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चालत आलेला आहे. किराणा घराण्याच्या गंधारावर जीव टाकणाऱ्या रसिकांनी एखादी संध्याकाळ इकडेही द्यावी, असा माझा आग्रह आहे.

उलट दिशेचा, म्हणजे आपलं गाणं चर्चमध्ये नेण्याचा, प्रवास रेव्हरंड टिळकांनी केला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. आळेफाट्यावरून कल्याण रस्त्याने सरळ पूर्वेला गेलं की नगर लागतं. तिथे ते राहिले, लिहीत राहिले. त्यांची गीतं मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात भरभरून आहेत. नगरलाच कीर्तनाचा बाज घेऊन ख्रिस्ती कीर्तनही उभं राहिलं. टिळकांचं भजन पेटी-तबल्यावर ऐकताना आमच्या गावच्या माणसाचा हात आपोआप टाळ शोधतो. मला चार आवाजांच्या गाण्याइतकंच हे गाणं मोलाचं वाटतं, आणि एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकायला मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पुढच्या बाकाचा मोह टाळा. तिथे जवळच्या गायकाचा आवाज तेवढा वर येतो. मधल्या वाटेलगत, निम्म्याच्या मागे बसा म्हणजे चारही आवाज मिसळून येतील. गाणं संपल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका, सूर पुरता विरेपर्यंत थांबा. आणि पहिल्या खेपेला कान फक्त आल्टोवर ठेवा, गंधार बहुतेकदा तिथेच सापडतो.