परतीच्या गाडीचा भरवसा

कार घरी ठेवा, बसने किंवा रेल्वेने जा, हे सांगायला मुंबई-पुण्यापेक्षा रोहा सोयीचं गाव वाटेल. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. पेण आणि रोह्याला एसटीचं आगार आहे, दिव्याहून मेमू येते. कारने पनवेलला एक-दोनदा जाऊन येण्याच्या पेट्रोलमध्ये रेल्वेचा महिन्याचा पास निघतो. तरीही कार घेतली जाते, आणि त्याला केवळ हौस म्हणणं अन्यायाचं आहे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच एक्स्प्रेस न थांबता निघून जातात, थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. जाताना कशीही सोय होते. माणूस अडतो तो परतताना. एक मेमू चुकली की पुढची कधी, आणि ती आल्यावर स्टेशनवरून गावात न्यायला काय मिळणार, याचं उत्तर नसेल तर स्वस्त पासाचं कौतुक कुणाला?

सोय आणि दर जुळले तर लोक वळतात, हे एसटीनेच दाखवलं आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि बसमध्ये बायकांची गर्दी वाढली. कुणाला पर्यावरणाचं व्याख्यान द्यावं लागलं नाही. बस-रेल्वेचा आग्रह धरला की नेहमीचा आक्षेप असा, की मुंबई-गोवा महामार्गाचं २०११ पासून रखडलेलं चौपदरीकरण एकदाचं पूर्ण झालं की कोंडी आपोआप सुटेल. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होऊनही शनिवार-रविवारी घाटात रांगा लागतातच आणि आता तिथे ‘मिसिंग लिंक’ या नव्या जोडमार्गावर खर्च करावा लागला. रस्ता रुंद झाला की गाड्या वाढतात. शिवाय महामार्ग कितीही रुंद केला तरी पेणची बाजारपेठ तेवढीच राहते. चाळीसेक माणसांची एसटी तिथून एकदा जाते; तीच माणसं दोघं-दोघं कारने आली तर वीस गाड्या उभ्या करायला जागा लागते. (गणपतीच्या दिवसांत हा हिशेब पेणकरांना तोंडपाठ असतो.)

आजाऱ्याला रात्री दवाखान्यात न्यायचं, भर पावसात म्हाताऱ्यांना आणायचं, त्याला कार हवीच. ती विकायला कुणी सांगत नाही. प्रश्न आहे तो एकट्याने रोज केलेल्या ठरलेल्या वेळेच्या फेऱ्यांचा. रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत पाळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणजे प्रवासी कधी निघणार हे आधीच माहीत असतं. तिथे पाळीला जोडून बस आणि मेमूला जोडून मिनीडोअर रिक्षा लावणं हे रस्ता रुंद करण्यापेक्षा फार स्वस्त काम आहे. अडचण एवढीच, की मिनीडोअरवाला सीट भरल्याशिवाय निघत नाही आणि त्याच्या जागी कुणीही असता तरी निघाला नसता; रिकाम्या सीटचं नुकसान त्याच्या एकट्याच्या खिशातून जातं. ते नगरपरिषदेने किंवा कारखान्यांनी काही महिने उचलावं. नवी फेरी पहिल्याच महिन्यात रिकामी दिसली म्हणून बंद झाली, तर तिच्या भरवशावर कार घरी ठेवलेला माणूस दुसऱ्यांदा फसायला येणार नाही.