बावीस पट

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत मुलाच्या वजनाचा आकडा हा केवळ वैद्यकीय दप्तराचा विषय नाही. १९९२-९३ साली, हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असताना, वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली. त्या घटनेची सावली इथल्या तराजूवर अजून आहे. म्हणूनच जव्हारच्या बाजारपेठेत विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या, मूळच्या मोखाड्याच्या एका तरुणाने बालकांचा वजनकाटा स्वतः घडवायला घेतला, तेव्हा त्याच्या टेबलाशी बसून ते काम पाहण्याची इच्छा मला आवरली नाही.

काट्याच्या पोटात लोडसेल, म्हणजे भाराचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग, असतो. त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराखाली तो सुमारे १० मिलिव्होल्ट परत देतो. म्हणजे २० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅमचा फरक अवघ्या ५० मायक्रोव्होल्टचा. हा क्षीण संकेत वाढवण्यासाठी ऑप-अँप ही चिप लागते, आणि तिची पारख करण्यासाठी, चिपभोवती रेझिस्टरांच्या जागा मोकळ्या सोडलेला एक चाचणी-बोर्ड त्याने आणला होता. १० किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर त्याने जोडले, फंक्शन जनरेटरवर १०० मिलिव्होल्ट लावले आणि दहापट वाढ होऊन १ व्होल्ट मिळेल अशी अपेक्षा धरली. ऑसिलोस्कोपवर उमटले २.२ व्होल्ट.

“चिप गेली असेल, सर,” तो म्हणाला, आणि त्याच ७४१ जातीची दुसरी ऑप-अँप चिप बसवली. पुन्हा तेच २.२.

वास्तविक इथेच चिपची निर्दोष मुक्तता झाली. ७४१ ची स्वतःची वाढ दोन लाखांच्या घरात असते आणि ती नगानगाला बदलते. परंतु १९२७ साली हॅरोल्ड ब्लॅक यांनी शोधलेल्या ऋण प्रतिभरणामुळे, म्हणजे बाहेर पडलेल्या संकेताचा अंश उलट करून आत परतवण्याच्या युक्तीमुळे, प्रत्यक्ष वाढ ठरवण्याचा अधिकार चिपकडून रेझिस्टरांकडे जातो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबवरचा, संकेत दहापटीने घटवणारा खटकाही संशयातून बाद झाला, कारण तो चुकला तर फरक दहापटीचा पडतो. बावीस या आकड्याचे अवयव पाडले की दोन आणि अकरा मिळतात, आणि माझ्या मते या तपासातली सर्वांत मोलाची कबुली त्या आकड्यानेच दिली.

अकराचा उलगडा सोपा होता. संकेत चिपच्या धन टोकाला जोडलेला होता. तिथे वाढ म्हणजे रेझिस्टरांच्या गुणोत्तरात आणखी एक. केवळ गुणोत्तराचे सूत्र चालते ते संकेत ऋण टोकाकडून आत येतो तेव्हा. दोनाचे मूळ मात्र बोर्डाबाहेर होते. त्याने प्रोब थेट चिपच्या पायाला लावला, तेव्हा तिथे १०० नव्हे, २०० मिलिव्होल्ट होते. जनरेटर आपल्या पडद्यावरचा आकडा समोर ५० ओहमचा भार आहे असे गृहीत धरून दाखवत होता, आणि बोर्डावरची त्या भाराची जागा रिकामी होती. १०० ओहमचे दोन रेझिस्टर तिथे समांतर जोडताच आत १०० मिलिव्होल्ट आणि बाहेर १.१ व्होल्ट झाले.

या दोन दोषांची प्रत एक नव्हे. अकरा हे विद्युत मंडलाचे सत्य होते; दोन ही निव्वळ मोजणीतली गफलत. त्यांत भेद न करता, बावीसचे दहा होईपर्यंत रेझिस्टर बदलत राहिला असता, तर खरी वाढ पाचच्या आसपास उतरली असती आणि दहापट धरून आखलेल्या काट्यावर १० किलोचे निरोगी मूल ५ किलोचे दिसले असते. प्रमाणित वजने ठेवताच ही चूक उघडी पडली असती हे खरे, पण तिचे कारण तेव्हा जोडणीच्या जंजाळात शोधावे लागले असते.

त्याने ८.२ किलोओहम आणि ८२० ओहम हे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून १० किलोओहमच्या जागी लावले. वाढ जवळजवळ नेमकी दहापट आली. आता उरला प्रश्न शून्याच्या विचलनाचा. ७४१ च्या प्रवेशातली अंगभूत तफावत सुमारे १ मिलिव्होल्ट, म्हणजे या काट्याच्या हिशेबात २ किलो. काटा रिकामा असताना ती वजा करता येते, पण तापमानाबरोबर ती सरकते. म्हणून अंतिम मंडलासाठी त्याने ही तफावत आणि तिचे सरकणे फार कमी असलेली ओपी-०७ ही चिप मागवली आहे.