कोणी, कोणीतरी, कोणीही

वर्गात एक वही सापडते. तिच्यावर नाव नसते. अशा वेळी आपण म्हणतो, 'कोणाची तरी वही राहिली आहे.' ती एका मुलाची आहे हे नक्की; पण तो मुलगा कोण, हे ठाऊक नाही. नेमकी व्यक्ती किंवा वस्तू सांगता येत नसेल, तेव्हा येणाऱ्या अशा सर्वनामांना 'अनिश्चित सर्वनामे' म्हणतात.

उर्दूतील 'कोई' आणि 'कुछ' आपण घरी रोज बोलतो. मराठीत त्यांच्या जागी बहुधा 'कोणी' आणि 'काही' येतात. मात्र दर वेळी शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. उर्दूत 'कोई आदमी' म्हणतात, तसेच 'कोई किताब'ही म्हणतात. मराठीतील 'कोणी' माणसांसाठीच असते. म्हणून 'कोणी पुस्तक द्या' हे चूक. 'एखादे पुस्तक द्या' किंवा 'कोणते तरी पुस्तक द्या' हे बरोबर. तसेच 'कोई बात नहीं' म्हणजे 'काही हरकत नाही' आणि 'कोई सौ आदमी' म्हणजे 'सुमारे शंभर माणसे'.

दारावर थाप पडली, की उर्दूत 'कोई आया है' असे पुल्लिंगी क्रियापद येते. मराठीत 'कोणीतरी आले आहे' असे म्हणतात. बाहेर पुरुष आहे की स्त्री, हे ठाऊक नसल्याने क्रियापद नपुंसकलिंगी ठेवतात. उर्दूत हे तिसरे लिंग नाही, म्हणून येथे विशेष लक्ष द्यावे.

आता 'तरी' आणि 'ही' यांतील फरक पाहा. 'कोणाची तरी छत्री राहिली आहे' म्हणजे छत्री एकाचीच आहे, तो माहीत नाही. 'कोणाचीही छत्री घे' म्हणजे वाटेल त्याची घे. विभक्तीचा प्रत्यय आधी लागतो व 'तरी' नंतर येते : कोणाला तरी, कोणाकडे तरी. 'कोणीतरीला' असे लिहू नये.

नकाराच्या वेळी 'कोणीही आले नाही' असे म्हणतात. येथे नकार 'नाही' या शब्दात आहे. इंग्रजीत तो 'नोबडी' या सर्वनामातच असतो. म्हणून 'नोबडी केम' एवढेच पुरते. पुढे 'नॉट' जोडला, तर सगळेच आले असा उलटा अर्थ होतो.

हे शब्द लहान असले तरी जबाबदारीचे आहेत. वही कोणी नेली हे पाहिले नसेल, तर 'कोणीतरी नेली' एवढेच म्हणावे. तेथे एखाद्याचे नाव घातले, तर निरपराध मुलावर आळ येतो. जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, हे व्याकरण शिकवते आणि सचोटीही तेच सांगते.

स्वाध्याय
१. मराठीत लिहा : कोई कलम दो. किसी को बुलाओ. कोई नहीं आया.
२. 'कोणीतरी' व 'कोणीही' यांचा एकेका वाक्यात उपयोग करा.