ट्रकच्या डाव्या अंगाला

सायकलस्वार रस्त्याची डावी कड धरून चालतो. तीच त्याची शिस्त. अवजड ट्रकच्या चालकाला मात्र तीच कड सर्वांत कमी दिसते. त्याचे आसन उजवीकडे आणि उंचावर. डाव्या दाराशी खेटून असलेली सायकल पुष्कळदा आरशातही सापडत नाही. ट्रक डावीकडे वळू लागतो, पुढचे चाक दूर गेलेले पाहून सायकलस्वाराला हायसे वाटते. परंतु मागची चाके पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत. ती कोपऱ्याकडे आत ओढली जातात आणि मधली फट मिटते.

लंडनमध्येही वाहने डाव्या बाजूनेच चालतात. तेथे १२ टनांहून जड ट्रकांना, केबिनमधून प्रत्यक्ष किती दिसते त्यावरून शून्य ते पाच तारे दिले जातात. २०२१ पासून किमान एक तारा आवश्यक झाला, २०२४ पासून तीन; कमी पडल्यास कॅमेरे आणि सायकलची चाहूल देणारी यंत्रणा बसवावी लागते. विनापरवाना ट्रक आढळला, तर चालकापेक्षा वाहतूकदाराला जास्त दंड. हे प्रमाण मला फार योग्य वाटते.

आपल्या मालाच्या ट्रकला दोन्ही बाजूंना चाकांमधली पोकळी झाकणारा लोखंडी कठडा असावा लागतो. पडलेला माणूस मागच्या चाकाखाली जाऊ नये, यासाठी तो. अनेकदा तो वाकलेला असतो, कधी काढूनच टाकलेला. गोदामाच्या दाराशी बिल्टी आणि नग तपासताना तो कठडा व डावा आरसा पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आणि शाळा सुटण्याच्या वेळी पेठेत ट्रक बोलावूच नये.