शानिदरच्या गुहेतली माणसं

शानिदरच्या गुहेचं नाव निघालं की लोक निअँडरथलांच्या थडग्यातल्या फुलांविषयी बोलू लागतात. मला आधी आठवतो तो तिथला एक म्हातारा.

संशोधक त्याला ‘शानिदर १’ म्हणतात. मरणाच्या कितीतरी आधी त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जबर मार बसला होता. डोळ्याची खोबण चेचली गेली. त्या डोळ्याने बहुधा दिसत नसावं. उजवा हात वाळलेला, कोपराच्या वर तुटलेला. पाय अधू. कानाच्या नळीत हाड वाढल्याने ऐकूही नीट येत नसणार, हे एरिक ट्रिंकॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१७ साली दाखवून दिलं. तरीही जखमा भरून आल्या आणि हा माणूस चाळिशी ओलांडेपर्यंत जगला. त्या काळात हे म्हातारपणच. शिकारीवर पोट भरणाऱ्या टोळीत असा माणूस एकट्याच्या बळावर वर्षानुवर्षं तगेल, हे मला पटत नाही. कोणीतरी त्याच्यासाठी थांबत होतं, त्याला खाऊ घालत होतं.

ही गुहा इराकी कुर्दिस्तानात, झाग्रोस पर्वतात, मोठ्या झाब नदीजवळ आहे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी १९५१ साली तिथे खणू लागले, तेव्हा कुर्द मेंढपाळांची कुटुंबं हिवाळ्यात जनावरांसह तिथेच मुक्कामाला असत. १९६० पर्यंत चर सुमारे चौदा मीटर खोल गेला. वरच्या थरांत साधारण साडेदहा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी लागली आणि खूप खाली निअँडरथलांचे अवशेष. दहाव्या निअँडरथलाचा, म्हणजे एका तान्ह्या मुलाचा, पत्ता तर २००६ साली संग्रहालयातल्या प्राण्यांच्या हाडांत लागला.

फुलांची गोष्ट ‘शानिदर ४’ची. त्याच्या सांगाड्याभोवतालच्या मातीचे नमुने सोलेकींनी जपून ठेवले होते. पॅरिसमध्ये आर्लेत लरोआ-गुराँ यांना त्यांत परागकणांचे पुंजके दिसले. पुंजके म्हणजे अख्खी फुलं, आणि अख्खी फुलं म्हणजे ती कोणीतरी मृताजवळ ठेवलेली, असा निष्कर्ष निघाला. सोलेकींच्या १९७१च्या पुस्तकाने तो जगभर पोहोचवला. निअँडरथल म्हणजे निव्वळ रानटी, हा समज त्याने हलवला, हे त्याचं मोठं काम.

पुढे शंका आल्या. गुहेत उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांची बिळं आहेत आणि हे प्राणी फुलं बिळात ओढून नेतात. २०२३ साली ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. काही पुंजक्यांत वेगवेगळ्या वनस्पतींचे पराग एकत्र होते, आणि त्या वनस्पती एकाच वेळी फुलत नाहीत. जमिनीत घरटी करणाऱ्या, एकएकट्या राहणाऱ्या मधमाश्यांनी ते साठवले असावेत, असं त्यांना वाटतं. मला हा युक्तिवाद पटतो. पण त्या खोदकामातली माती कोणी जपली नसती, तर हा वाद घालायलाही काही उरलं नसतं. त्याचं श्रेय सोलेकींचंच.

ग्रेम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजच्या पथकाने २०१४ पासून पुन्हा काम सुरू केलं. आयसिसच्या धोक्यामुळे ते लगेच थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी पथक परतलं. २०१८ साली ‘शानिदर ४’च्या जागेलगतच आणखी एक सांगाडा सापडला: ‘शानिदर झेड’. तो सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. वरच्या दगडमातीच्या भाराने कवटी दबून जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची झाली होती. दोनशेहून अधिक तुकडे जुळवून ती उभी केली गेली. ती बहुधा चाळिशीतल्या बाईची असावी. दात झिजून पार मुळांशी आलेले.

या शरीरांची जागा मला फार महत्त्वाची वाटते. एका उंच उभ्या शिळेच्या मागे, त्याच कोपऱ्यात, एकापाठोपाठ एक अशी अनेक शरीरं आली आहेत. ती एकाच वेळी पुरलेली नाहीत, मध्ये काळ गेला आहे. म्हणजे मेलेल्यांना कुठे न्यायचं, हे जिवंतांना ठाऊक होतं, आणि ते पुन्हा तिथेच येत होते. एवढं सांगायला परागकण लागत नाहीत.

आणि त्यांच्या जेवणाचंही थोडं कळलं आहे. गुहेतल्या जळक्या अन्नकणांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की इथली माणसं रानटी कडधान्यं भिजवून, कुटून शिजवत असावीत. भिजवल्या-कुटल्याने त्यांचा कडवटपणा कमी होतो. झिजलेल्या दातांच्या माणसालाही असं मऊ अन्न चावता आलं असतं.