गोठवायचं की मलम लावायचं? उन्हाने बिघडलेल्या त्वचेची गोष्ट

आजचा विषय आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. पण ऑस्ट्रेलियात, जिथे माझी अर्धी टीम बसते, तिथे गोऱ्या त्वचेच्या वयस्कर लोकांत तो घरोघरी आहे. नाव आहे ॲक्टिनिक केराटोसिस.

वर्षानुवर्षं ऊन सोसलेल्या जागी, म्हणजे कपाळ, टक्कल, कान, हाताची मागची बाजू, इथे खरखरीत चट्टे येतात. बऱ्याचदा डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटाला जाणवतात, पॉलिश पेपरसारखे. हा कॅन्सर नाही. बहुतेक चट्टे तसेच राहतात, काही आपोआप जातातसुद्धा. पण थोड्यांचा पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर होतो. कुठल्याचा होणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून उपचार करायचे.

पहिला उपाय क्रायोथेरपी. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन चट्ट्यावर काही सेकंद फवारतात. पेशी गोठून मरतात, फोड येतो, खपली धरते आणि पडते. एका भेटीत काम! पण किती सेकंद गोठवलं यावर बरंच अवलंबून असतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५ सेकंदांपेक्षा कमी गोठवलेले ३९ टक्के चट्टे पूर्ण गेले, २० सेकंदांपेक्षा जास्त गोठवलेले ८३ टक्के. मग सगळ्यांना २० सेकंद का नाही? कारण रंग बनवणाऱ्या पेशींना थंडी सोसत नाही. जितकं जास्त गोठवाल, तितका पांढरट डाग राहण्याची शक्यता जास्त.

दुसरा उपाय ५ टक्के फ्लुरोयुरासिल मलम. पेशी दुभंगताना डीएनएची कॉपी काढते. त्याला लागणारा एक कच्चा माल हे औषध तयारच होऊ देत नाही. मग भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी मरतात आणि निरोगी त्वचा बऱ्यापैकी वाचते. साधारणपणे दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे लावतात.

आता खरा फरक. फवारा दिसणारा चट्टा मारतो. मलम अख्ख्या भागावर लावतात, त्यामुळे अजून न दिसलेले चट्टेही सापडतात. आमच्या भाषेत, एक हॉटफिक्स आणि दुसरं पूर्ण मोड्यूलची साफसफाई. २०१८ साली अमेरिकेतल्या ९३२ माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना आधी त्वचेचा कॅन्सर होऊन गेला होता. चेहऱ्याला आणि कानांना हे मलम लावलेल्यांमध्ये पहिल्या वर्षी ऑपरेशन लागेल असा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, साधं मलम लावलेल्यांपेक्षा ७५ टक्क्यांनी कमी दिसला.

मग मलमच का नाही? कारण ते सोसावं लागतं. आमच्या टीममधले ब्रिस्बेनचे एक सीनियर दहाव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आले, तेव्हा कपाळ लालभडक, सोललेलं. ते मलम बंदच करणार होते. आधी डॉक्टरांना फोन केला, तर उत्तर आलं, “औषध काम करतंय, तेच दिसतंय.” अनेक जण नेमके इथेच सोडतात आणि कोर्स अर्धवट राहतो. मात्र त्रास फारच वाढला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

थोडक्यात, एक-दोन चट्टे असतील तर फवारा सोयीचा. पूर्ण कपाळभर असतील तर मलम. जाड चट्ट्यांसाठी कधी दोन्ही. गरोदरपणात हे मलम वापरत नाहीत. घरात कुत्रा-मांजर असेल तर ट्यूब आणि मलम लावलेली त्वचा त्यांच्यापासून लांब ठेवा. त्यांनी चाटलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि आपलं काय? सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन बरंच संरक्षण देतं, म्हणून आपल्यात हे कमी. पण अल्बिनिझम असलेल्यांना किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना धोका खूप जास्त. असं कुणी तुमच्या घरात असेल, तर टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन आणि नियमित तपासणी हवीच. चट्टा जाड झाला, दुखू लागला, रक्त येऊ लागलं किंवा भराभर वाढला, तर मलम की फवारा हा वाद बाजूला ठेवा आणि थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तिथे आधी तुकडा काढून तपासणी लागू शकते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!